शर्यत संपल्यावर ट्रॅकचं काय होतं?

गेल्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दोन तास वाद झाला. शेजारच्या गावच्या गायरानावर म्हणे 'आंतरराष्ट्रीय दर्जाचा' मोटार रेसिंग ट्रॅक होणार. अजून कागद कुणी पाहिलेला नाही. फक्त फ्लेक्स लागलाय. त्यावर परदेशातल्या कुठल्यातरी शर्यतीचा फोटो आणि खाली नेहमीचे हसरे चेहरे.

पोरं खूश आहेत, आणि त्यांचं काही चूक नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराला गावाजवळ रेसिंग ट्रॅक हवा वाटणारच. हॉटेलं येतील, रस्ता चौपदरी होईल, जमिनीला भाव येईल, असं सगळं चाललं होतं. बाजूला एक आबा बसले होते. दहा-बारा शेळ्या आहेत त्यांच्या, त्याच गायरानावर चरतात. त्यांनी शांतपणे विचारलं, "शर्यत वर्सातनं किती दिस असती?"

एक पोरगा म्हणाला, "मोठी असली तर तीन दिवस, आबा."

"मग राहिल्याल्या दिसात आमची शेरडं आत सोडत्याल का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री पान सोडून घरी आलो तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचं कारण माझी एक जुनी खोड. काम संपल्यावर झोप येत नाही, तेव्हा मी मोबाईलवर सॅटेलाइट मॅप उघडून बंद पडलेले रेसिंग ट्रॅक शोधत बसतो. कुणी सिरीयल बघतं, मी हे बघतो. मोटारी जाऊन पन्नास-साठ वर्षं झाली तरी वरून ते वळण अजून दिसतं. कधी झाडीतून, कधी गोदामांच्या मधून. आबांचा प्रश्न या प्रत्येक ट्रॅकला कधी ना कधी विचारला गेलाय. उत्तरं मात्र वेगवेगळी निघालीत. तीच आज लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

पहिला ट्रॅक इंग्लंडमधला. लंडनजवळ वेब्रिज नावाच्या गावाला लागून ब्रुकलँड्स. मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला जगातला पहिला ट्रॅक, १७ जून १९०७ ला उघडला. तोवर शर्यती साध्या रस्त्यांवर व्हायच्या. पण इंग्लंडमध्ये तेव्हा रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती. त्यामुळे तिथल्या कारखानदारांना आपली गाडी पळवून बघायलाच जागा नव्हती. ह्यू लॉक किंग नावाच्या श्रीमंत जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने हा ट्रॅक बांधला. लांबी पावणेतीन मैल, म्हणजे जवळपास साडेचार किलोमीटर. रुंदी १०० फूट. वळणावर रस्ता सपाट नाही, तर भिंतीसारखा वर चढत गेलेला, जवळजवळ ३० फुटांपर्यंत. विहिरीत मोटारसायकल फिरवणारा 'मौत का कुआँ' आपण जत्रेत बघतो ना, त्याचंच तत्त्व. गाडी वेगात असली की बाहेर फेकली जायला बघते, कललेला रस्ता तिला आत दाबून धरतो.

खर्चाचा अंदाज होता २२ हजार पौंडांचा. प्रत्यक्षात दीड लाख लागले. (अंदाजपत्रक आणि बिल यातला हा संबंध आपल्याकडच्या ठेकेदारांनी शोधलेला नाही, हे ऐकून बरं वाटेल.) लॉक किंग यांची तब्येत ढासळली, तेव्हा त्यांची पत्नी एथेल यांनी कारभार हातात घेऊन ट्रॅक सावरला.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं ब्रुकलँड्सने सगळं पाहिलं. ट्रॅक उघडल्यावर पंधरा दिवसांच्या आत एस. एफ. एज नावाच्या गड्याने सलग २४ तास गाडी चालवून ताशी ६५ मैलांहून जास्त सरासरी राखली. १९१३ मध्ये पर्सी लॅम्बर्टने एका तासात १०० मैल कापले, जगात पहिल्यांदा. त्याच वर्षी तिथेच गाडी उलटून तो गेला. १९३५ मध्ये जॉन कॉबने ताशी १४३.४४ मैलांची फेरी मारली. तो तिथला शेवटचा विक्रम ठरला. कारण ऑगस्ट १९३९ नंतर तिथे शर्यत झालीच नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं.

ट्रॅकच्या आवारात आधीपासून विमानांचे कारखाने होते. युद्धात तिथे हरिकेन आणि वेलिंग्टन विमानांचं काम जोरात सुरू झालं. वरून शत्रूला दिसू नये म्हणून काँक्रीटमध्ये झाडं लावली, कारखान्यांना वाट हवी म्हणून ट्रॅक तोडला. तरी ४ सप्टेंबर १९४० ला बाँब पडलेच, ऐंशीहून जास्त माणसं मेली. युद्ध संपल्यावर ट्रॅक दुरुस्त करण्यापलीकडे गेला होता. १९४६ मध्ये जागा विमान कंपनी व्हिकर्सला विकली गेली. पुढे काँकॉर्ड विमानाचे भागसुद्धा तिथेच तयार झाले.

आज मॅपवर बघाल तर रेल्वेमार्गाच्या बाजूला त्या जुन्या वळणाचे तुकडे दिसतात. मध्ये सुपरमार्केट आहे, ऑफिसं आहेत, आणि एक संग्रहालय, १९९१ मध्ये उघडलेलं. म्हणजे ट्रॅक मेला, पण जागा रिकामी पडली नाही. आधी कारखान्याचं काम मिळालं, नंतर दुकानांचं. शर्यतीच्या जोडीला तिथे दुसरं काहीतरी पहिल्यापासून उभं होतं, म्हणून हे झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

दुसरा ट्रॅक स्पेनमधला, बार्सिलोनाजवळचा सिट्जेस-तेरामार. माझा सगळ्यात आवडता, कारण गोष्ट अगदी आपल्याकडची वाटते. १९२३ साल. दोन किलोमीटरचं अंडाकृती काँक्रीट रिंगण, ब्रुकलँड्सपेक्षाही उभी वळणं, काम ३०० दिवसांत पूर्ण. ऑक्टोबरमध्ये स्पॅनिश ग्रां प्री झाली. सनबीम गाडी घेऊन आलेला फ्रेंच चालक आल्बेर दिव्हो जिंकला. गर्दी झाली, टाळ्या पडल्या, सगळं छान.

आणि मग कळलं की बांधकामाचे पैसेच दिलेले नाहीत. ठेकेदारांनी तिकिटांचा गल्ला ताब्यात घेतला. आता जिंकणाऱ्यांना बक्षीस कशातून द्यायचं? दिलं गेलं नाही. बातमी बाहेर गेली आणि आंतरराष्ट्रीय शर्यतींचं दार त्या ट्रॅकला बंद झालं. इतका महागडा ट्रॅक, मोठ्या शर्यतींच्या दृष्टीने पहिल्याच हंगामात संपला. नंतर अधूनमधून लहानसहान शर्यती झाल्या, १९५० च्या दशकापर्यंत. मधल्या काळात जागा एका नव्या मालकाकडे गेली आणि त्याने तिथे कोंबड्या पाळल्या. होय, पोल्ट्री. ज्या रिंगणात युरोपातले नामी चालक पळाले, तिथे अंड्यांचा धंदा झाला.

काँक्रीट मात्र हललं नाही. वरून पाहिलं तर ते अंडाकृती रिंगण आजही जवळपास पूर्ण दिसतं, मध्ये शेत आणि घर. २०१२ मध्ये रॅलीचा विश्वविजेता कार्लोस साइन्झ आजची गाडी घेऊन तिथे गेला आणि १९२३ ची सर्वांत वेगवान फेरी त्याने मोडली. तो विक्रम ८९ वर्षं टिकला, कारण मोडायला कुणी आलंच नव्हतं.

आबांच्या प्रश्नाला तेरामारचं उत्तर असं: शेरडं नाही, पण कोंबड्या आत गेल्या.

इटलीतल्या मोंझाचं जरा वेगळं. तो ट्रॅक १९२२ पासून आजही चालू आहे, फॉर्म्युला वन तिथे दरवर्षी होते. पण त्याच आवारात, झाडीत, १९५५ मध्ये नव्याने बांधलेलं उंच कललेलं रिंगण निवृत्त होऊन पडलंय. १९६१ च्या शर्यतीत वोल्फगांग फॉन ट्रिप्सची गाडी प्रेक्षकांत घुसली. तो आणि १५ प्रेक्षक गेले. अपघात त्या कललेल्या भागावर झाला नव्हता, पण त्यानंतर फॉर्म्युला वन तिथे परत गेली नाही. बाकीच्या शर्यतीही १९६९ नंतर थांबल्या. पाडण्याची भाषा झाली तेव्हा लोकांनी विरोध केला. आज माणसं बागेत फिरायला जातात तशी तिथे चालत जातात आणि त्या भिंतीवर चढायचा प्रयत्न करून बघतात.

फ्रान्समधल्या रॅंसजवळच्या ग्यू गावाने तर ट्रॅक बांधलाच नव्हता. गावचे रस्तेच शर्यतीपुरते बंद करायचे. १९२६ पासून १९७२ पर्यंत तिथे शर्यती झाल्या. शर्यत गेली तेव्हा रस्ता रस्ताच राहिला, आजही त्यावरून गाड्या जातात. कडेला जुन्या प्रेक्षक-गॅलऱ्या उभ्या आहेत, जुन्या जाहिराती रंगवलेल्या. २००४ पासून गावकऱ्यांची आणि शौकिनांची एक संस्था त्या डागडुजी करून ठेवते. ना जमीन गेली, ना कुणी देशोधडीला लागलं. मला विचाराल तर या यादीतला सगळ्यात शहाणा ट्रॅक हाच.

आता उलटं उदाहरण, अगदी अलीकडचं. स्पेनमधलंच वॅलेन्सिया शहर. बंदराच्या कडेने रस्त्यांचा ट्रॅक केला, २००८ ते २०१२ अशी पाच वर्षं फॉर्म्युला वन झाली. तिथल्या सरकारने सांगितलं होतं की जनतेच्या खिशातून एक पैसा जाणार नाही. प्रत्यक्षात कोट्यवधी युरो सरकारी तिजोरीतून गेले. मंदी आली, शर्यत गेली. कुंपणाच्या जाळ्या, डांबर, पूल तिथेच. काही वर्षांतच त्या रिकाम्या डांबराच्या आसपास बेघर लोकांनी झोपड्या टाकल्या. तेरामारचं बिल निदान खाजगी माणसांच्या अंगावर पडलं होतं, वॅलेन्सियाचं बिल गावाने भरलं.

"हे सगळं परदेशातलं, आपलं काय?" असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणार, म्हणून आधीच आपल्याकडे येतो.

आपल्याकडे मोटार शर्यती वाढल्या त्या दुसऱ्याच्या टाकलेल्या जागेवर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जागोजागी धावपट्ट्या बांधल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही ओस पडल्या. चेन्नईच्या उत्तरेला शोलावरमची धावपट्टी ही अशीच एक. तिथे १९५० च्या दशकापासून शर्यती होऊ लागल्या. ना वळणाला भिंत, ना झगमगाट. पिंपं आणि गवताच्या पेंढ्या लावून आखलेली वाट, आणि बघायला लोटलेली गर्दी. संस्थानिकांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सगळे तिथे उतरले. विजय मल्ल्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला वनची जुनी गाडी घेऊन तिथेच पळायचा. कोईमतूरच्या करिवर्धन यांनी स्वस्तातल्या भारतीय रेसिंग गाड्या बनवल्या, त्या मागच्या पिढीला तयार करणाऱ्या ठरल्या. १९९० च्या सुमारास श्रीपेरुंबुदूरजवळ पक्का ट्रॅक झाला आणि शोलावरमचा जमाना संपला. पण शोलावरमच्या पायी कुणाचं शेत गेलं नव्हतं. विमानांनी सोडलेली जागा मोटारींनी वापरली आणि काम झाल्यावर सोडली, इतकंच.

त्यानंतर आला ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. ३० ऑक्टोबर २०११. आठवत असेल, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं होतं. जर्मन रचनाकार हेर्मान टिल्के, सव्वापाच किलोमीटरच्या आतबाहेरचा ट्रॅक, प्रेक्षक लाखाच्या घरात. पहिल्याच सरावात एक भटकं कुत्रं ट्रॅकवर आलं आणि जगभर बातमी झाली. आपण हसलो. पण त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात मे महिन्यात भट्टा-परसौलला जमिनीच्या मोबदल्यावरून आंदोलन पेटलं होतं, गोळीबार झाला होता, शेतकरीही मेले होते आणि पोलीसही. यमुना एक्सप्रेसवे, त्याच्या बाजूची वसाहत, आणि एक हजार हेक्टरच्या क्रीडानगरीत हा ट्रॅक, असा तो सगळा एकच पट्टा होता.

शर्यत किती वर्षं चालली? तीन. २०११, २०१२, २०१३. तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. बंद का पडली? गाड्या कमी पडल्या म्हणून नाही, प्रेक्षक नव्हते म्हणूनही नाही. कागदावर. ही शर्यत म्हणजे खेळ की करमणूक, हाच वाद. करमणूक म्हटली की करमणूक कर आणि परदेशातून येणाऱ्या गाड्यांवर जकात. पहिल्या शर्यतीच्या आधीच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिकीटविक्रीचा चौथा हिस्सा वेगळा ठेवा, असा आदेश झाला. पुढे प्राप्तिकराचा वाद निघाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शर्यत तीन दिवसांची असली तरी तेवढ्या काळात त्या परदेशी कंपनीचं इथे ठाणं होतं, म्हणून कर भरावा लागेल. पण तोवर शर्यत जाऊन चार वर्षं झाली होती.

मग थकबाकी. २०२० मध्ये यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाने त्या हजार हेक्टरचं वाटपच रद्द केलं, ते प्रकरण परत कोर्टात. मध्ये ट्रकच्या शर्यती झाल्या, २०२३ मध्ये एकदा मोटोजीपी झाली, हौशी लोक गाड्या चालवायला जातात. म्हणजे ट्रॅक मेलेला म्हणता येणार नाही. पण ज्या कामासाठी बांधला, ते काम तीन वेळा तीन दिवस झालं. मिळून नऊ दिवस. बाकीचा काळ वकिलांचा.

एक चांगली गोष्ट मात्र भट्टा-परसौलसारख्या आंदोलनांतून निघाली. १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा गेला आणि २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून आला. त्याचं कलम १०१ सांगतं की घेतलेली जमीन पाच वर्षं वापरलीच नाही, तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत करावी, नाहीतर सरकारच्या लँड बँकेत जमा व्हावी. 'नाहीतर' हा शब्द सोयीचा आहे, पण निदान प्रश्न विचारायला कलम आहे.

आणि इथेच आमच्या गायरानाची गोची आहे. गायरानाचा सातबारा सरकारच्या नावावर, वापर गावाचा. त्याला परत मागणारा 'मूळ मालक' नाही. शेत गेलं तर शेतकरी कोर्टात जातो, पाच वर्षं, दहा वर्षं भांडतो. गायरान गेलं तर शेळ्या भांडायला जात नाहीत. २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी वाचवा, अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्या, असं सगळ्या राज्यांना बजावलंय. पण निकाल दिल्लीत असतो आणि फ्लेक्स गावात.

मी ट्रॅकच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर उद्या टपरीवर पोरं मला बसू देणार नाहीत. माझ्याच तालुक्यातलं एक क्रीडासंकुल मी पंधरा वर्षं बघतोय. उद्घाटनाची बातमी मीच लिहिली होती, शीर्षकात 'खेळाडूंसाठी पर्वणी' असा शब्द वापरला होता. आज धावपट्टीवर गवत आहे आणि पोरं पोलीस भरतीची तयारी हायवेच्या कडेला पळून करतात. तेव्हा मी एकही प्रश्न विचारला नव्हता. देखभालीला पैसे कुठून येणार, चावी कुणाकडे, काहीच नाही. ती चूक माझी. म्हणून या वेळी आधी विचारतोय.

ग्रामसभेला हा विषय येणार असं कळतं. जे जाणार आहेत त्यांनी एवढं विचारा:

एक. जागा विकत, भाड्याने की कराराने? करार किती वर्षांचा, आणि तो मोडला तर जमीन कुणाकडे येणार? हे तोंडी नको, ठरावात लिहून हवं.

दोन. बांधकामाचे पैसे कुणाचे? तेरामारसारखे उधारीचे, की वॅलेन्सियासारखे आपलेच?

तीन. वर्षातले ३६५ दिवस वजा शर्यतीचे दिवस, बाकी दिवस तिथे काय चालणार? ड्रायव्हिंग स्कूल, वाहनांची चाचणी, आयटीआयच्या पोरांना काम, काहीतरी जोडीला आहे का? ब्रुकलँड्सची जागा जगली ती याच एका गोष्टीवर.

चार. शर्यतीसाठी आधीच असलेली एखादी रिकामी धावपट्टी, बंद रस्ता, पडीक औद्योगिक जागा चालत नाही का? ग्यू आणि शोलावरमला चालली.

पाच. आणि हा आबांचा. तोवर शेरडं कुठं चरायची?

पाचवा प्रश्न आधी घ्या. बाकी चारांची उत्तरं द्यायला साहेब लोक फाइल घेऊन येतील, याला फाइल नसते.

काल आबा परत टपरीवर भेटले. मी मोबाईल काढून त्यांना तेरामारचा फोटो दाखवला. वरून काढलेला, ते मोठं रिंगण आणि मधलं हिरवं शेत. म्हटलं, आबा, इथे शंभर वर्षांपूर्वी मोटारी पळायच्या, नंतर एकाने कोंबड्या पाळल्या. त्यांनी मोबाईल जवळ धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हंजी जागा शेवटी जनावराकडंच आली की."

मग चहाचे पैसे त्यांनीच दिले. ग्रामसभेची तारीख पक्की झाली की इथेच टाकतो. त्या गावातले जे कोणी माझ्या यादीत आहेत, त्यांनी कृपया ही पोस्ट आपल्या गावच्या ग्रुपवर पोचवा. आणि फ्लेक्सपलीकडचा एखादा कागद कुणी पाहिला असेल तर मला फोटो पाठवा, नाव कुठेही येणार नाही.